मशीद पाहायला या

आमच्या मोहल्ल्यातला मी पहिला पदवीधर. महाडच्याच कॉलेजात बी.ए. केलं, बी.एड.साठी बाहेर गेलो आणि परत येऊन इथल्याच एका हायस्कुलात इतिहास शिकवू लागलो. वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. मी सातवीत असताना गेले. त्यानंतर आईने लोकांचे मसाले कांडून आणि कपडे शिवून मला शिकवलं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी फारसा बरा दिसत नाही, आणि तिचं माझ्यावर काय ऋण होतं ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी सहा वर्षं बसणाऱ्या एका सरांनी एके दिवशी आवाज खाली आणून विचारलं, "राग मानू नका, पण तुमच्यात मूर्ती नसते, मग मशिदीत आत असतं काय?"

मला राग आला नाही, लाज वाटली. सहा वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खात होतो. त्यांना विचारायचा धीर झाला नव्हता आणि मला सांगायचं सुचलं नव्हतं. बाहेर आमच्याविषयी काय काय बोललं जातं ते दोघांनाही माहीत होतं. मनात आलं, एकदा दार उघडून दाखवून टाकावं. या, बसा, नमाज कशी होते बघा, मनात असेल ते विचारा. कुणाचा धर्म बदलायचा नव्हता, भीती घालवायची होती. आमचीही आणि त्यांचीही.

मशिदीचा कारभार पाहणाऱ्या जमातीच्या बैठकीत मी विषय काढला. जमातीचे प्रमुख माझ्या वडिलांचे दोस्त, मी त्यांना चाचा म्हणायचो. ते म्हणाले, "मास्तर, तू शिकलेला. काय बोलायचं ते तू बोल. आमच्या गळ्यात माईक घालू नको." सगळे हसले आणि परवानगी मिळाली. पाहुण्यांबरोबर त्यांच्या बायका आल्या तर काय, असं मीच विचारलं. चाचा म्हणाले, "डोक्यावर पदर घेतील ना? मग येऊ देत. पाव्हण्या हायत." आमच्या घरच्या बायकांचं कुणी बोललं नाही. मीही नाही.

कार्डं छापली. वर लिहिलं, 'मशीद पाहायला या. आपणा सर्वांचं स्वागत आहे.' मी स्वतः घरोघर फिरून ती दिली. डोंगरावरच्या वाडीतून पहिल्या एसटीने येऊन दूध घालणारी बाई होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आईने मला ते वाचून दाखवायला लावलं आणि वर म्हणाली, "जा गो, बघून ये. माझा लेक बोलणार हाय."

त्या रविवारी पन्नासेक माणसं आली. दूधवाली धुवट लुगडं नेसून आली होती. हौदावर पाय धुतले, पदर डोक्यावर आधीपासून होताच. माझ्या आईला ती भाबी म्हणायची. मला पाहून म्हणाली, "भाबी कुठाय?"

"घरी आहे."

"ती नाय येत?"

"नाही, ती घरीच," म्हणालो आणि पुढे सरकलो. माईक तपासायचा होता. मिनारावरचा भोंगा बंद ठेवायचा ठरलं होतं, पण चाचा म्हणाले, "चालू दे. मोहल्ल्याला पण कळू दे पोरगा कसा बोलतो." मी हो म्हणालो. आमचं घर मशिदीपासून पन्नास पावलांवर. आई ऐकेल, असं मनात आलं आणि छाती जरा फुगली.

भाषण बरं झालं. अजानचा अर्थ सांगितला, रोजा, जकात सांगितली. नंतर प्रश्न. मला शाळेत मराठी शिकवणारे सर सुनेला घेऊन आले होते. याच सरांनी मला शुद्ध लिहायला शिकवलं, कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून दिला. दर मार्चला चवदार तळ्यावर बाहेरगावाहून येणाऱ्या लोकांची व्यवस्था बघण्यात ते पुढे असत. ते उभे राहिले.

"आज माझी सून आत येऊन बसली, म्हणून विचारतो. तुमच्या स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज पढता येते का?"

मला उत्तर येत होतं. "सर, धर्माची बंदी नाही. पैगंबरांच्या काळात स्त्रिया मशिदीत येत, मागच्या रांगांत नमाज पढत. आमच्याकडे जागेच्या अडचणीमुळे त्या घरी पढतात."

"जागेच्या अडचणीमुळे," सर म्हणाले. त्यांनी एकदा त्या लांबरुंद दालनावरून नजर फिरवली. पन्नास माणसं बसूनही अर्धं रिकामं होतं. "बरं," म्हणून ते खाली बसले. मग टाळ्या झाल्या, सरबत झालं.

घरी आलो तेव्हा आई ओटीवर शिवणाचं मशीन पुढ्यात घेऊन बसली होती. मशीन बंद होतं.

"ऐकलंस?"

"ऐकला. बरा बोललास."

मी बूट काढत होतो.

"बंदी नाय म्हणालास."

"नाहीच आहे."

"पुस्तकात हाय तसा?"

"आहे."

"तू कधी वाचलंस?"

"कॉलेजात असताना."

तिने मशीनवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "मला वाटायचा, अल्लालाच नको हाय. म्हणून कधी मनात पण आणला नाय. इतकी वर्षां." तिने सुई वर केली, परत खाली ठेवली. "तर जागा नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली. मी आत चहा घेत होतो. आईने मापाखाली पातेलं धरलं आणि विचारलं, "गेलीस ना? काय हाय आत?"

"काय नाय गो भाबी. पांढऱ्या भिंती, चटया, एक मोठा घड्याळ. देव कुठं दिसला नाय."

"दिसत नाय तो."

"मग आमचा वाडीवरचा बरा. शेंदूर तरी लावता येतो."

दोघी हसल्या. दूधवाली पुढे म्हणाली, "फरशी मात्र लय गार. नि त्या हौदात मासे हायत."

"मासे?"

"लाल लाल. तुला ठाव नाय?"

आईला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली त्याला तीस वर्षं झाली होती. मी रोज नमाजाआधी त्या हौदावर हातपाय धुऊन वजू करायचो, पण माशांचं तिला सांगावं असं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी भीतभीत म्हणालो, आपल्याही बायकांना एक दिवस मशीद दाखवू. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाव्हणी एकदा येते नि जाते, मास्तर. घरची एकदा आली की रोज येणार." सगळे हसले. थोडा मीही हसलो. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम हातचा जाऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं.

मशिदीची एक किल्ली तेव्हा माझ्याकडे असायची. एका गुरुवारी दुपारी, दोन नमाजांच्या मधल्या वेळी, मी आईला म्हणालो, "चल. आत्ता कुणी नसतं. पाच मिनिटांत बघून येऊ."

ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "डोंगरावरच्या बाईला कार्ड दिलंस. तुझ्या सरांच्या सुनेला आत बसवलंस. नि मला चोरासारखी नेतोस?"

"आई, तसं नाही..."

"मी नाय येत, बाबा. मी घरात पढते ती त्याला ऐकू जाते. तू जा."

कार्यक्रम आणखी दोन वर्षं चालला. दोन्ही वर्षी ती त्या दिवशी सकाळच्या एसटीने पोलादपूरला बहिणीकडे गेली आणि संध्याकाळी परतली. मी कारण विचारलं नाही. जेवण झाकून ठेवलेलं असायचं.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिने मशीद आतून पाहिली नाही ती नाहीच. लोक अजून मला अशा कार्यक्रमांना बोलावतात आणि तो प्रश्न कुणीतरी विचारतंच. मी सांगतो की धर्माची बंदी नाही. जागेचं आता सांगत नाही.

"मग तुमच्याकडे येतात का बायका?"

"नाही."

"का?"

"आम्ही त्यांना बोलावलं नाही."

माणसं जरा चुळबुळतात. मग पुढचा प्रश्न येतो, बहुतेक वेळा उपवासाचा.