तक्रारीच्या रकान्यातलं व्हायोलिन

माझे मामा विजेचे मीटर वाचायचे. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जिन्याखाली आणि दाराआड बॅटरी मारून आकडे टिपले, आणि त्याच उजेडात अडगळीत पडलेल्या रेकॉर्डी हेरल्या. "ही वाजते का हो?" एवढंच विचारायचे. "न्या की, तेवढीच जागा होईल," असं उत्तर आलं की संध्याकाळी स्वारी मऊ फडकं घेऊन पुसायला बसलीच. मामी म्हणायची, "लोकांचे माळे रिकामे करून आमचा भरतायत."

अशा तीन हजारांवर जमल्या. पण जमवणारे ढीगभर असतात. मामांचं मोठेपण नोंदीत होतं. छपाईत चुकलेली मीटरकार्डं ऑफिसातून रद्दीत निघाली, ती साहेबांना विचारून त्यांनी घरी आणली. 'ग्राहक' छापलं होतं तिथे गायक, 'मागील वाचन'खाली रेकॉर्ड कुणाकडून मिळाली ते, आणि 'तक्रार' या रकान्यात ओरखडे. वादकांची नावं लेबलवर नसतच. ती मामा कानाने ओळखायचे, जुन्या वादकांची दारं ठोठावून विचारायचे. खात्री असली तर शाई, नसली तर पेन्सिल. मी एकदा कौतुकाने, वळणदार अक्षरात, शाईने 'बहुतेक' लिहिलं, तर कार्ड फाडायला लावलं. शाईत 'बहुतेक' बसत नाही म्हणे!

त्यांचा सगळ्यात अभिमानाचा शोध म्हणजे बडे मास्तर, एक नावाजलेले व्हायोलिनवादक, केव्हाच वारलेले. तेवीस रेकॉर्डींतलं व्हायोलिन मास्तरांचंच, हे मामांनी शाईने लिहिलं होतं, आणि बाकीचे रेकॉर्डवाले ते प्रमाण मानत.

एका रविवारी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गल्लीतले घड्याळजी आले. गल्लीभर थापाड्या म्हणून प्रसिद्ध. मामांनी त्या तेवीसांतलीच एक लावली होती. घड्याळजींचा हात थांबला.

"हे मी वाजवलंय."

मी फस्सकन हसले. मामी आतून म्हणाली, "झालं यांचं सुरू."

"हसा. बायको तर लग्नापासून हसते," घड्याळजी म्हणाले. "मास्तरांना ताप होता. मागच्या रांगेतून उचलून मला पुढे बसवलं. एकदाच. आता कडवं संपलं की माझा गज तारेवरून घसरेल, ऐका. पुन्हा घेऊ म्हटलं, तर वेळ संपली म्हणाले."

कडवं संपलं आणि 'कर्र' झालं.

"तो ओरखडा आहे," मामा म्हणाले. कार्डावर, तक्रारीच्या रकान्यात, तसं लिहिलंच होतं. पण बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. ओरखडा दर फेऱ्याला टकटकतो, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. हा आवाज एकदाच आला होता.

घड्याळजींनी खिशातलं भिंग पुढे केलं. मामांनी ते डोळ्याला लावून खिडकीशी रेकॉर्ड कितीतरी वेळ न्याहाळली. तबकडी स्वच्छ होती.

"शंभर वेळा ऐकलं असेल मी," मामा खाली बसत म्हणाले. "मास्तरांचा गज घसरणारच नाही, या भरवशावर दोष तबकडीवर ढकलला."

तरी शाई लगेच उघडली नाही. दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून ते त्या रेकॉर्डवरच्या वाद्यवृंदातल्या म्हाताऱ्या ड्रमवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मास्तर तापाने फणफणले होते हो. तो घड्याळं दुरुस्त करणारा पोरगा बसला होता त्यांच्या जागी."

"एवढ्याशा कर्रसाठी कशाला गाजावाजा? गुपचूप बदला की," मामी म्हणाली. मामांनी अकरा रेकॉर्डवाल्यांना पत्रं लिहिली: माझी चूक झाली, तुमच्या वहीत दुरुस्त करा. उरलेली बावीस नावं पेन्सिलीवर आणली आणि सत्तराव्या वर्षी, पहिल्यापासून, एकेक रेकॉर्ड पुन्हा ऐकायला घेतली. लोकांच्या नाकाचा शेंडा जरा खाली येत नाही, आणि हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापून घेत होता, तेही नीट अक्षरात. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तसं मी तोंडावर बोलले असते तर मामा ओरडले असते.

नवं कार्ड झालं. वादक म्हणून घड्याळजींचं पूर्ण नाव, शाईने. घड्याळजींनी ते दोनदा वाचलं.

"एक दिवस घरी नेऊ?"

आजवर एकही कार्ड घराबाहेर गेलं नव्हतं. मामांनी ते पाकिटात घालून दिलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी बायकोला घेऊनच आले. चहा नको म्हणाली, पदर सावरून बसली, "लावा" म्हणाली. गाणं संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. सुई उचलल्यावर नवऱ्याकडे वळली.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगत तर होतो," घड्याळजी म्हणाले.