खाटेचा दोर

अल-खोबरच्या कामगार कॅम्पात माझ्या शेजारच्या खाटेवर एक फिलिपिनो वेल्डर असायचा. त्याची जमात लहानशी, कुठल्याशा आडबाजूच्या नदीवर तरंगत्या घरांत राहणारी. पुरात घरं पाण्याबरोबर वर चढतात, वाहून जाऊ नयेत म्हणून झाडांना बांधलेली असतात. इथे वाळवंटातही त्याने खाट खिडकीच्या गजाला दोराने बांधली होती. आम्ही सगळे हसायचो. "बांधल्याशिवाय झोप लागत नाही," एवढंच तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणायचा, तेही जणू त्याच्या नदीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

एकदा मुसळधार पाऊस झाला आणि खोलीत घोट्याएवढं पाणी शिरलं. आम्ही बॅगा उचलायला धावलो. तो शांतपणे गाठीपाशी बसला आणि त्याने दोर हातभर सैल केला. आमच्या गावच्या खाडीवर भरतीच्या वेळी होडी पाण्याबरोबर वर यावी म्हणून वडील तिचा दोर असाच सैल करायचे. त्यानंतर मी कधी हसलो नाही.

पुढे तो कायमचा गावी गेला. त्याची खाट मी घेतली, गाठ तशीच ठेवली.

परवा आभाळ भरून आलं. मी उठून दोर हातभर सैल केला. खोलीतले नवे लोक हसले.