बठ्ठा शेतस ना?

"बाई, बठ्ठा शेतस ना?"

दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवण्याआधी अक्का मागच्या खोलीतून रोज हे विचारायच्या. मी वर्गावर नजर टाकून ठणकावून सांगायची, "हो अक्का, बठ्ठा!"

मी पुण्याची. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून, स्वातंत्र्यानंतरच्या त्या उमेदीच्या वर्षांत, सोनगीरजवळच्या एका गावी बालवाडी चालवायला आले होते. अक्का तिथल्या मदतनीस. पोरांची नाकं पुसायची, तोंडं धुवायची, भुकटीचं दूध करून वाटायचं. मोतीबिंदूमुळे त्यांना दारापलीकडचं धूसर दिसे, म्हणून मला विचारत.

शेतस म्हणजे आहेत, हे एव्हाना कळलं होतं; बठ्ठा म्हणजे बैठा, बसलेला, असा अर्थ मात्र मी माझा मीच लावून टाकला होता. पोरं नीट बसल्याशिवाय अक्का दूध वाटत नाहीत, काय शिस्तीची बाई, असं कौतुक मी धुळ्याच्या साहेबांनाही लिहून कळवलं. हसा आता!

एकदा अक्का खरकटं पाणी टाकायला बाहेर गेल्या आणि भिंतीआड कुणाला तरी अडखळल्या. चारेक वर्षांची पोर होती, आग्रा रोडवर खडी फोडणाऱ्यांची.

"आठे काय करस वं?"

"मी रोज येस," ती म्हणाली. "माले कोनी बलायं नही."

अक्का तिला धरून आत आल्या. "बाई, तुम्ही त रोज हा म्हनतस!"

"बसलेत म्हणून हो म्हणते."

"बसानं काय? बठ्ठा म्हनजे समदा! कोनी बाहेर त नही ना, हाई इचारस मी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता अक्का मला फैलावर घेणार, असं वाटलं, तर त्या स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागल्या. चूक माझी, मार त्या खातायत. मी रडू की त्यांचा हात धरू, काही सुचेना. पोर मात्र दोन पेले दूध पिऊन मजेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. खडीवाल्यांचा तळ शिरपूरकडे हलला होता. अक्का दुधाचा तांब्या घेऊन, तसल्या डोळ्यांनी, भर उन्हात सडकेनं निघाल्या. मी मागे धावले. मैलभर गेल्यावर त्याच थांबल्या.

"बाई, हाक मारू त काय म्हनीसन मारू?"

अहो, नाव आम्ही दोघींनीही विचारलं नव्हतं!

पुढे अक्कांची दृष्टी पार गेली, त्या अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेले की एकच प्रश्न: "त्या पोरीनं नाव समजनं का?" मी मान खाली घालायची. ती खाली गेलेली मान त्यांना दिसायचीही नाही.

एके दिवशी मी बोलून गेले, "सखू."

"सखू," अक्कांनी दोनदा म्हणून पाहिलं. "बेस नाव शे."

आठवड्याभरात अक्का गेल्या.

मी केलं ते बरं की वाईट, मला आजही उमजत नाही. तुम्हाला उमजलं तर सांगा. आता ती पोर मलाही सखू म्हणूनच आठवते.