पडदा काळा व्हायला हवा

माणूस जातो, त्याचं काम मागे उरतं. वृषालीच्या शोकसभेत आमच्या संचालकांनी हे वाक्य दोनदा उच्चारलं. तिचं काम तोवर काढून टाकलं गेलं होतं, आणि ते काढायला सांगणारेही तेच होते.

वृषाली आणि मी उल्हासनगरला कॉलेजात एका वर्गात होतो, पुढे तिथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. रुग्णाच्या खाटेशेजारच्या पडद्यावर नाडीचे, ऑक्सिजनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. मी त्याची माहितीपुस्तिका लिहायचो, ती ते मोडून बघायची. बाकीचे टेस्टर बटणं दाबत. ही मशीनची सगळी मेमरी खाऊन टाकणारा एक छोटा प्रोग्राम सोडायची आणि हाताची घडी घालून बघत बसायची. त्या प्रोग्रामचं नाव तिने ‘जावई’ ठेवलं होतं. खरवईच्या घरी तिच्या सासूबाई कौतुकाने सांगत, “आमची सून दिवसभर कॉम्प्युटरला उपाशी मारते.”

उपाशी ठेवल्यावर आमचं सॉफ्टवेअर खोटं बोलायचं. नवा आकडा घ्यायला जागा नसली की शेवटचाच आकडा दाखवत राहायचं, हिरव्या रंगात. खाटेवरचा माणूस गेला तरी पडद्यावर ठणठणीत. वृषालीचं म्हणणं, अशा वेळी पडदा काळा व्हावा आणि भोंगा वाजावा. तेवढ्यापुरती मेमरी सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावी. विक्रीवाला करण तिला हात जोडायचा. “मॅडम, डेमोत स्क्रीन काळी झाली तर डॉक्टर घाबरेल ना. फिर माल कौन लेगा?”

“घाबरू दे. घाबरला की पेशंटकडे बघेल.”

दुरुस्ती कुणी करेना आणि जावयाची चाचणी ती मागे घेईना. चाचणी नापास, म्हणून नवी आवृत्ती अडून राहिली, आणि ऑफिसात तिचं नाव ‘अडेलबाई’ पडलं.

शेवटचं भेटलो ते बदलापूरच्या हॉस्पिटलात. कॅन्सरने तिचा आवाज पार बारीक झाला होता. उशाशी पडदा होताच. “आपला नाही ना रे?” तिने विचारलं. मी मागे जाऊन लेबल वाचलं. नव्हता. “मग झोपते निवांत,” म्हणाली. आणि डोळे मिटल्यावर... “जावयाला हाकलू देऊ नकोस.”

ती गेली त्याच आठवड्यात चाचणी बंद झाली. मी भांडायला गेलो, तर संचालक समजुतीने म्हणाले, “अरे, कायम नापास होणारी चाचणी ठेवून काय मिळतं? पोरांचा मूड जातो.” मग मी माहितीपुस्तिकेत एक ओळ घातली: आकडा बराच वेळ बदलला नाही तर रुग्णाकडे बघा. ती ओळ ‘निगेटिव्ह’ म्हणून कापली गेली. आवृत्ती हॉस्पिटलांत पोचली.

शोकसभा अंबरनाथच्या एका हॉलमध्ये झाली. अत्तर फवारलेलं, मागे समोशांचा वास. मीटिंग रूमला तिचं नाव देत असल्याचं आणि नवी आवृत्ती तिलाच अर्पण केल्याचं संचालकांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

शेवटी तिची चित्रफीत लावली. गच्चीवर पापड वाळत घालताना ती कुणावर तरी हसत होती. हसता हसता चित्र थांबलं. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला. संचालक हात जोडून उभे राहिले, म्हणून सगळे राहिले. कुणीतरी हुंदका दिला. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो.

लॅपटॉपची मेमरी संपली होती.