नवा हात

दवाखान्यात निघायच्या दिवशी सकाळी आमी नवरा-बायकोनी शेळी पिळली. मी कान धरायचे, गयानं धार काढायची. पेडगावात आमचं वर्षानुवर्षं असंच चालायचं. शेळी मला कासेला हात लावू देत न्हाई. त्या दिवशी हट्टानं बसलो तर लाथ मारून तांब्याच उडवला. गया हसता हसता खोकायला लागली... "सरका तिकडं. नवा हात चालत न्हाई तिला."

तिच्या फुप्फुसात गाठ होती. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, छाती उघडून काढता येते, न्हाईतर बारीक भोकं पाडून, रोबोटनं. मला वाटलं, रोबोटच कापणार. "नाही मामा, कापणार मीच. पण लांब बसून, पडद्यावर बघत. आतलं हाताला लागत नाही, नस किती ताणली ते डोळ्यानंच ओळखायचं. मी शिकून आलोय, पण मशीन एकच, ती सगळ्यांना लागते. फुप्फुसाच्या ऑपरेशनला माझ्या वाट्याला कमी वेळा येते. हात अजून बसतोय."

"म्हंजे नवा हात," गया म्हणाली. "आमची शेळी लाथ मारती बरं का!"

डॉक्टर हसले. "रक्त थांबलं नाही तर लगेच छाती उघडीन, मावशी. ठरवा तुम्ही."

"आधीच उघडली तर वझं कधी उचलायचं?"

"काही महिने नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "भोकंच पाडा. यांच्यानं एक शेळी आवरत न्हाई."

आत रक्त सुटलं. डॉक्टरनं मशीन सोडून छाती उघडली, पण गया गेली. ते बाहेर आले, माझ्याजवळ बाकड्यावर बसले. मी सरळ विचारलं, आधीच हातानं केलं असतं तर जगली असती का? म्हणाले, "माहीत नाही, मामा." खोटं बोलले असते तर शिव्या तरी घातल्या असत्या. लोक म्हणतात, तक्रार करा. कशाची करू? त्यांनी सगळं सांगितलं होतं, तिनं ऐकून हो म्हटलं होतं. आता डॉक्टरच्या त्या हातानं पुढं कुणी वाचंल म्हणतात. वाचू दे. माझी त्यात न्हाई.

माती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी वरडायली, कास तटतटलेली. आमी दवाखान्यात असताना शेजारीण तिचे पाय बांधून पिळायची. मला बांधवंना. खुंटीवर गयाचं नेसून सोडलेलं लुगडं होतं. ते डोक्यावरून घेतलं आणि बसलो. शेळीनं पदर हुंगला, उभी राहिली. धार सुटली. तांब्या भरत आला तसं मला ऱ्हावलं न्हाई. म्हटलं, "बाई, मीच हाय. ती न्हाई आता..."

तरी तिनं लाथ मारली न्हाई.