लिंबांचा ताण

आमचे मालक तापात गेले, तेव्हा कोरीटच्या शिवारात आमच्या वाट्याला कागदी लिंबाची चाळीस झाडं आणि एक विहीर होती. विहीर म्हणजे नावाला. दोन तास मोट चालली की तळ दिसायचा. तेरावा झाला आणि थोरल्या दिरांनी सालदार गड्याच्या तोंडून निरोप धाडला. यंदा बहार धरला तर बाग तुमची, मळ्यातल्या झोपडीत सुखानं राहा. नाही धरला तर झाडं काढून कापूस पेरणार, आणि तुम्ही आमच्या घरी यायचं. सालदाराच्या तोंडून अशासाठी, की थोरल्या दिरांशी आम्ही बायका बोलत नसू. पदर ओढायचा आणि पाठ फिरवायची.

मला त्यांच्या घरी जायचं नव्हतं. जावेच्या चुलीपुढे जन्म काढण्यापेक्षा माझी झोपडी बरी.

लिंबाचं एक असतं. मार्गशीर्षात त्याचं पाणी तोडायचं आणि पौषभर तोडलेलंच ठेवायचं. त्याला ताण देणं म्हणतात. निम्मी पानं गळाली की माघात पाणी सोडायचं, मग झाड फुलानं भरतं. शिवाय तेवढे दिवस विहीर साठते, ते पाणी उन्हाळ्यात फळाला पुरतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मालक त्या दिवसांत मला बागेत फिरकू द्यायचे नाहीत. "तुन्हा जीव पातळ शे," म्हणायचे. मला राग यायचा.

मार्गशीर्षात मोट थांबली तसा सालदार बैल घेऊन दिरांच्या शेतात गेला. जाताना म्हणाला, "बाई, तहान लागू दे त्यासले." मळ्यात मी एकटी उरले. दिवस दिवस माणसाचा शब्द कानी नाही. मग मी झाडांशीच बोलू लागले. वेडी म्हणा हवं तर, पण कुणाशी तरी बोलायला हवंच ना? पौषात पानं पिवळी पडली, आळ्यांत रोज पाचोळा साचायला लागला. घरात एक मरण नुकतंच पाहिलं होतं, दुसरं मला बघवेना. एका झाडाला घागरभर पाणी घातलं. एकाला घातलं, मग शेजारच्याला कसं तोंड दाखवायचं? आठवड्याच्या आत मी चाळीसही झाडांना घागरी ओतत होते, कंबर मोडेस्तोवर.

झाडं तरारली. हिरवीगार पालवी फुटली आणि मी खुळी हरखून गेले.

माघात थोरले दीर सालदाराला घेऊन आले. फांदी न् फांदी वर करून पाहिली. "पानं ते शेतस, फूल कोठे शे?" मग विहिरीत डोकावले. ती कोरडी पडायला आली होती. "पानी कोनी टाकं रे?" त्यांनी सालदाराला विचारलं. बिचाऱ्यावर बालंट येणार असं दिसलं, आणि पदराआडून मी त्यांच्याशी जन्मात पहिल्यांदा बोलले, "मीच टाकं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सालदाराला म्हणाले, बाईंचं सामान गाडीत ठेव.

त्या घरात अकरा माणसं होती, मी बारावी. दळणाला नाहीतर भाकरीला हाक यायची, तेवढीच. एकदा चुलीपुढे मी पुटपुटत होते, तर जाऊ दारातून म्हणाली, "घरमा इतला मानसं शेतस, तू कोनसंगे बोली ऱ्हायनी?"