वन्संनी ब्रोकोलीवरचं झाकण काढलं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं स्वयंपाकीण होत्या. रोजची एकशे ऐंशी ताटं. साडेबाराचा भोंगा झाला की भट्टीवरची, बाटल्या तपासणारी, खोकी भरणारी सगळी माणसं एकदमच यायची आणि एकच्या भोंग्याला जेवून, हात धुऊन परत जागेवर. पण वन्संच्या खिडकीपाशी कधी कुणी ताटकळलं नाही. अकरालाच सगळं शिजवून मोठमोठ्या पातेल्यांत भरायचं, वर घट्ट झाकण ठेवायचं आणि पातेली गरम पाण्याच्या टाकीत उभी करायची. मग भोंगा झाला की नुसते डाव चालवायचे. याचा त्यांना भारी तोरा. माझ्याकडे पाहुणे येऊन बसलेत आणि मी अजून कांदाच चिरतेय असं दिसलं की हळूच म्हणायच्या, वहिनी, तुमच्याकडे एकशे ऐंशी आले असते तर?

एका वर्षी नवे साहेब आले. पोरगेलेसे, बारीक, बोलायला गोड. कामगारांनी हिरवी भाजी खावी असं त्यांच्या मनानं घेतलं आणि सोमवारी, गुरुवारी ब्रोकोलीचे क्रेट उतरायला लागले. वन्संनी ही भाजी तोवर लांबूनच पाहिलेली. त्यांनी तिला कोबीसारखं वागवलं. चिरली, पाण्यात टाकली, हिरवी राहावी म्हणून चिमूटभर सोडा घातला, वर झाकण, आणि दीड तास टाकीत. खिडकीत पोचेपर्यंत तिचा रंग खाकी, अंगात त्राण नाही, आणि वास असा की तक्रारमास्तरांना आयतंच सापडलं. तक्रारमास्तर म्हणजे भट्टीवरचे एक जुने कारागीर. पाणी फार ओलं लागतं, अशीही तक्रार करतील असा माणूस. त्यांनी ताट नाकाशी नेलं आणि विचारलं, "बाई, मोजे कुणाचे उकडलेत?"

सगळी रांग हसली. उष्ट्याच्या तिन्ही बादल्या काठोकाठ भरल्या.

तीन आठवडे असंच चाललं. मग साहेबांनी वन्संना बोलावून घेतलं. इतकं अन्न वाया जातंय त्यापेक्षा बाहेरून बंद डबे मागवू, म्हणाले. येत्या गुरुवारी एकदा पाहू, बादल्या तशाच भरल्या तर सोमवारपासून स्वयंपाकघर बंद. वन्संना खोकी भरायच्या खात्यात घेऊ, पगारात काही फरक नाही. इतक्या गोडीत सांगितलं की वन्सं "बरं" म्हणून बाहेर आल्या आणि जिन्यावर आल्यावर त्यांना कळलं काय झालं ते.

रविवारी त्या माझ्याकडे आल्या, पिशवीत चार गड्डे घेऊन. पगार तोच आहे तर बिघडलं कुठे, असं यजमान म्हणून गेले. वन्सं म्हणाल्या, "दादा, मी खोकी भरू?" एवढंच. यजमान पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

आम्ही दोघींनी पदर खोचले. पहिला गड्डा कच्चाच तेलात परतला. बाहेरून करपला, आतून दगड. दुसरा झाकण ठेवून वाफवला आणि गप्पांत विसरलो. पुन्हा मोजे. तिसऱ्याचे सारखे तुरे तोडले, अंगठ्याएवढे, आणि खळखळत्या मिठाच्या पाण्यात सोडले. सोडले न सोडले तोच गॅस संपला. सिलिंडर आणा म्हणून मी आठ दिवस यजमानांच्या कानीकपाळी ओरडत होते, पण ते जाऊ दे. वन्संनी डोक्याला हात लावला. पाण्यात पडून लगदा नको व्हायला म्हणून मी तुरे झाऱ्यानं काढले आणि थंड नळाखाली धरले, मागाहून शिजवू म्हणून. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. आणि काय सांगू तुम्हाला, चाळणीत नुसता पोपटी उजेड पडला होता. वन्संनी एक तुरा तोंडात टाकला. चावल्याचा आवाज मला शेगडीपाशी ऐकू आला.

त्यांनी दुसराही उचलला. मग म्हणाल्या, "वहिनी, हिला शिजवायचं नसतंच हो. नुसतं घाबरवायचं."

चौथा गड्डा घेऊन आम्ही तशाच शेजारणीच्या ओट्यापाशी जाऊन धडकलो. वन्सं जाड देठ फेकायला निघाल्या तसा मी त्यांचा हात धरला, मला टाकवत नाही. वरची जाड साल सोलून काढली तर आत काकडीसारखा कोवळा गाभा. त्याच्या पातळ चकत्या केल्या. मग तुरे आणि चकत्या दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, तिथून गार पाण्यात, तिथून कोरड्या फडक्यावर. ओली भाजी तेलात टाकली तर परतली जात नाही, रडत बसते. कढई चांगली तापवली, तेल, ठेचलेला लसूण, लसणाला रंग आला की भाजी, मोठ्या आचेवर मिनिटभर. मीठ, मिरपूड, आणि लिंबू अगदी शेवटी, गॅस बंद करून, नाहीतर हिरवा रंग पळतो. शेजारीण चव बघते बघते म्हणत अर्धी कढई उभ्यानं खाऊन गेली. आम्ही दोघी, वयं मिळवली तर शंभरीच्या पुढच्या, तिथं नाचायच्या तेवढ्या बाकी होतो.

आणि वन्संचा चेहरा एकदम पडला. टाकीत ठेवली की ही पुन्हा खाकी होणार. म्हणजे अकराला करून चालायचं नाही, माणूस खिडकीपुढे उभा असतानाच कढई चढवायची. म्हणजे रांग थांबणार. अठ्ठावीस वर्षांत न थांबलेली रांग. त्या तशाच पिशवी उचलून घरी गेल्या. बुधवारी मात्र निरोप आला, उद्या हाताखाली या.

गुरुवारी सकाळपासून मी तिथं. गड्डे मिठाच्या पाण्यात उलटे बुडवले, आतले किडे निघून यावेत म्हणून. मग तोडणं, सोलणं, उकळत्या पाण्यातून गार पाण्यात, आणि तिथून जेवणाच्या टेबलांवर अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यांवर. सगळं जेवणघर हिरवं झालं. भोंग्याआधी टेबलं मोकळी केली आणि वन्संनी दोन मोठ्या शेगड्या ओढून खिडकीपाशी आणल्या. झाकणं मी त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी ती टेबलाखाली सारली.

भोंगा झाला. पुढे तक्रारमास्तर. कढईत लसूण तडतडला आणि रांग थांबली.

"बाई, जन्मात पहिल्यांदा उभं केलंत."

"उभे राहा. लग्नात उभे राहिलात ते काय, याहून लवकर सुटलात?"

मागं खसखस पिकली. मास्तर ताट घेऊन बसले. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. त्यांनी एक तुरा चावला, दुसरा चावला, मग ताट घेऊन परत खिडकीशी आले आणि अगदी नाराज चेहऱ्यानं म्हणाले, "कमी वाढता."

मग काय विचारता! घाणा उतरतोय, दुसरा चढतोय, मी लसूण ठेचतेय, वन्सं दोन्ही हातांनी परततायत. उशीर होतोय म्हणून मी टोपलंभर भाजी एकदम ओतायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. थोडीथोडीच, नाहीतर पाणी सुटेल. घड्याळात एक वाजायला दहा कमी, रांगेत अजून साठ माणसं. एकचा भोंगा झाला तेव्हा तीसेक उरली होती. आणि ती गेली नाहीत. ताटं धरून उभीच.

एक वाजून गेला तरी यंत्रं सुरू होईनात तसे साहेब खाली आले. त्यांनी आधी रांगेकडे पाहिलं, मग तिन्ही बादल्यांत वाकून पाहिलं. लिंबाच्या साली, थोडा भात. हिरवं काही नाही. मग विचारलं, ही माणसं कामावर का नाहीत?

वन्संनी शेगडी बारीक केली. "माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "साहेब, बादल्या रिकाम्या हव्या असतील तर जेवणाच्या दोन पाळ्या करा. एवढ्या माणसांना एकदम ताजं देणं मला जमणार नाही."

मला जमणार नाही! हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. त्यांच्या भावानंही नसतील ऐकले.

साहेब ताट घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा तुरे संपले होते, नुसत्या देठाच्या चकत्या उरल्या होत्या. त्या त्यांनी खिडकीपाशी उभ्यानंच खाल्ल्या, बोटाला लागलेला लसूणसुद्धा. मग विचारलं, "पहिली पाळी बाराला ठेवू या?"

"सव्वाबाराला," वन्सं म्हणाल्या. "बाराला माझा लसूण सोलून झालेला नसतो."

सोमवारी सव्वाबाराला भोंगा झाला. आजवर त्या वेळेला तो कधी झाला नव्हता, त्यामुळे अर्धा कारखाना घड्याळाकडे बघत उभा राहिला. वन्संनी तोवर कढईत तेल सोडलं होतं.